चामड्यावरची उडी

लिपोवा गावात तेल काढायचं काम पोला स्रोका करायची. असं कुणी म्हटलं की खाणीवरची पुरुषमंडळी घसा खाकरायची. त्यांच्या मते तेल काढायचे ते. पोला आपली चाकाजवळ असायची, एवढंच.

हे चाक गावाच्या वरच्या अंगाला झाडीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये आडवं फिरायचं. चार माणसं त्यावर आडवी झोपतील एवढं मोठं लोखंडी चाक, आणि त्याला जोडलेलं एक जुनं, खोकणारं इंजिन. चाकापासून चहूबाजूंना लांबच लांब सळ्या निघायच्या. बीच नावाच्या उंच झाडांमधून, सफरचंदाच्या बागांमधून, पाद्रीबाबांच्या कोबीच्या वाफ्यांवरून त्या जायच्या आणि एकेका तेलविहिरीला भिडायच्या. चाक फिरलं की सळ्या पुढेमागे सरकायच्या. सळ्या सरकल्या की विहिरीवरचा लाकडी घोडा मान खालीवर करायचा, आणि घोड्यानं मान हलवली की खोल खाली पंपाचा दट्ट्या घोटघोट तेल वर आणायचा. एका इंजिनावर साऱ्या विहिरी. आणि इंजिन कशावर? तर त्याच विहिरींतून तेलाबरोबर येणाऱ्या गॅसवर. उरलेला गॅस नळांतून गावातल्या शेगड्यांना जायचा. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याला थंडी काय असते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला या शेगडीचं मोल वेगळं सांगायला नको.

पोला रोज सकाळी हातात ग्रीसचा डबा घेऊन या सळ्यांच्या बाजूनं चालत निघायची. सळी जिथे टेकूवर घासते तिथे ती कुरकुरते, आणि प्रत्येक टेकूची कुरकुर वेगळी. पोला ग्रीस लावता लावता त्यांच्याशी बोलायची. ‘‘काय गं मार्ता, सर्दी झाली का?’’ विहिरींना नावं बायकांचीच होती. जुन्या मालकांनी आपल्या मुलींची दिली होती. मार्ता कुरकुरी, एमिलिया आळशी, आणि रोझालिया म्हणजे गावाचा जीव. तेल बेताचं द्यायची, पण गॅस भरभरून. इंजिन चालायचं ते निम्म्याहून जास्त तिच्या जिवावर.

पोलाची आई ओढ्यावरचं तेल गोळा करायची. ओढ्याच्या पाण्यावर तेलाची साय यायची. घोड्याच्या शेपटीचे केस काठीला बांधून ते पाण्यावरून फिरवायचे, आणि मग मुठीत दाबून बादलीत पिळायचे. पोला चालायला लागली तशी आईमागे हे करू लागली. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही, तिच्या वेण्यांना तेलाचा वास यायचा म्हणून. तिला त्याचं वाईट वाटल्याचं कुणाला आठवत नाही. बाक ऐसपैस मिळायचा.

लग्न झालं तेही तेलानंच. शहरातल्या रिफायनरीतून तेओफिल नावाचा एक लांबुडका तरुण टाक्या तपासायला यायचा. विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणीही येतं. टाकीत ठेवलं की पाणी तळाला बसतं, तेल वर तरंगतं. तळाचा नळ सोडून पाणी काढलं नाही तर रिफायनरीवाले तेल परत पाठवतात. पोलाच्या टाकीत कधी पाण्याचा टिपूस सापडला नाही, तरी तेओफिल आठवड्यातून दोनदा तपासायला यायचा. शेवटी तिनंच विचारलं, ‘‘तू पाणी शोधतोयस की आणखी काही?’’

तेओफिल पुढे मेणाच्या विभागात गेला. बसमधून उतरला की अंगाला मेणबत्तीचा वास, आणि तोंडात एकच चिडवणं. ‘‘तू चिखल उपसतेस पोला. आम्ही त्याचं सोनं करतो.’’

‘‘तुमच्या सोन्याला वास माझ्याच चिखलाचा येतो.’’

‘‘अगं, तुला कळत नाही त्यातलं. अगदी घरी दारू गाळतात तसं असतं बघ. कच्चं तेल भट्टीत तापवायचं आणि वाफ उंच मनोऱ्यात सोडायची. हलकं असेल ते थेट वर जातं, ते पेट्रोल. जरा जड ते मधल्या मजल्यावर थांबतं, ते रॉकेल. त्याखाली डिझेल, त्याखाली यंत्राचं तेल. ते गारठवून कापडातून दाबलं की मेण राहतं. आणि ज्याला वर चढणं जिवावर येतं, ते तळाला बसतं. डांबर.’’

‘‘तरीच जेवण झालं की तू खुर्चीतून उठत नाहीस,’’ पोला म्हणायची.

असं त्यांचं बरं चाललं होतं. एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. घरामागे सफरचंदाची चार झाडं, एक डुक्कर आणि उबदार शेगडी. पोलाला मनापासून हवी अशी एकच गोष्ट होती, आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला संत बार्बराचा सण येतो. खाणीत उतरणाऱ्यांची ती राखणदार, आणि तेलवालेही स्वतःला खाणकरीच म्हणवतात. त्या संध्याकाळी पुरुषमंडळी काळे कोट आणि पिसांच्या टोप्या घालून सभागृहात जमतात. धंद्यात नवा आलेला माणूस बियरच्या पिंपावर चढतो. दोघं जुनेजाणते समोर एक चामडं आडवं धरतात. मुकादम विचारतो, कोण तू, काय काम करतोस? तो सांगतो, बियरचा मग रिकामा करतो आणि चामड्यावरून उडी मारतो. तिथून पुढे तो आपला, धंद्यातला. पूर्वी खाणकरी खडकावरून घसरत खाली उतरताना हे चामडं मागे बांधायचे. आता कुणी बांधत नाही, पण त्यावरून उडी मारल्याशिवाय कुणी तेलवाला होत नाही. बायका त्या दिवशी खसखशीच्या वळ्या आणि कोबी-मशरूमचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करून दारापर्यंत नेतात. दार लागलं की आतला हसण्याचा आवाज ऐकत घरी येतात. पोला इतकी वर्षं चाक चालवत होती, पण तिनं उडी मारली नव्हती. बाईनं मारायची पद्धत नव्हती.

लिपोव्याचं चामडं मुकादम आम्ब्रोझीच्या आजोबांचं होतं. जाड बैलाचं, काळंभोर. आम्ब्रोझी पोलाच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे घरचाच माणूस, पण चामड्याच्या बाबतीत तो सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही. फक्त पानगळीच्या दिवसांत ते पोलाकडे द्यायचा. इंजिनाच्या उबेत ठेवून ती त्याला चरबी आणि जड तेल चोळायची, म्हणजे सणापर्यंत ते मऊ व्हायचं.

‘‘यंदा जरा जास्त चोळ,’’ तो त्या वर्षी म्हणाला. ‘‘आमचा तिमेक उडी मारायचाय.’’ तिमेक त्याचा मुलगा, दुरुस्तीच्या टोळीत नुकताच लागलेला.

‘‘चोळते की. लोण्यासारखं करून देते.’’

त्या वर्षी दुकानांत व्हिनेगर सोडून काही मिळत नव्हतं. लोक रांगेत आधी उभे राहायचे आणि रांग कशाची ते नंतर विचारायचे. अशात नोव्हेंबरमध्ये एका सकाळी पोलाच्या कानाला रोझालियाची सळी हलकी वाटली. घोडा मान हलवत होता, पण ओझं उचलल्यासारखा नाही. दट्ट्याला चामड्याच्या वाट्या असतात, त्या नळीला घट्ट बसतात म्हणून तेल वर येतं. वाट्या झिजल्या होत्या. तेल वर येण्याऐवजी कडेनं निसटून परत खाली जात होतं.

पोला कोठारात गेली. कोठारवाल्यानं दोन्ही हात पसरले. ‘‘चामडं? पोलाबाई, माझ्याकडे खिळे नाहीत. नवीन वर्षात बघू.’’

‘‘नवीन वर्षापर्यंत रोझालिया बुडून मरेल.’’

‘‘मग व्हिनेगर देऊ का?’’

ती बुडून मरेल म्हणाली ते रागाच्या भरात नव्हे. विहिरीत खालून पाणी झिरपतच असतं. ते उपसलं गेलं नाही की चढत जातं आणि गॅसला दाबून टाकतं. रोझालियाचा गॅस गेला की इंजिन बंद. इंजिन बंद पडलं की सगळ्या विहिरी बंद. आणि इथल्या तेलात मेण फार, थंडीत नळीत उभं राहिलं की चरबीसारखं थिजतं. मग वसंतापर्यंत वाट बघायची आणि तोवर गावानं गारठायचं. पोलानं जुन्या बुटांच्या वाट्या कापून बघितल्या, त्या दोन दिवसांत फाटल्या. तेओफिलचा पट्टा कापला. तो दोन्ही हातांनी विजार धरून म्हणाला, ‘‘आता मी कामावर कसा जाऊ?’’ पट्टाही टिकला नाही. पाण्याच्या डबक्यांवर बर्फ धरला, इंजिन अडखळू लागलं, आणि पलीकडच्या गल्लीतली म्हातारी झोफिया कोट घालून स्वयंपाक करू लागली.

शेडच्या खुंटीवर आम्ब्रोझीच्या आजोबांचं चामडं लटकत होतं. जाड, मऊ, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. असं चामडं दट्ट्याला मिळालं तर तो दोन वर्षं बघायला नको.

पोलानं विचार केला नाही असं नाही. आम्ब्रोझीला विचारावं हेही मनात आलं. पण तो नाही म्हणाला असता, आणि एकदा नाही म्हटल्यावर कापता आलं नसतं. म्हणून तिनं विचारलं नाही. कडा सुकून तडकल्या होत्या, चांगलं चामडं मध्येच होतं. तिनं वाटी पालथी ठेवून मधोमध चार गोल आखले आणि सुरी लावली. कापताना ती रडत होती, पण हात सरळ चालला.

टोळीनं रोझालियाच्या सळ्या वर ओढल्या. नव्या वाट्या बसवल्या तिमेकनं, स्वतःच्या हातानं. ‘‘काय मस्त माल आहे मावशी! कुठून मिळाला?’’

‘‘तेओफिलनं आणला. रिफायनरीतून,’’ पोला म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तसं झालं, जे पहिलं नाव तोंडात आलं ते तिनं घेतलं.

संध्याकाळपर्यंत रोझालियाची सळी जड झाली, दुसऱ्या दिवशी इंजिन सरळ श्वास घेऊ लागलं, आणि झोफियानं कोट काढला. तिसऱ्या दिवशी आम्ब्रोझी व्होडकाची बाटली घेऊन पोलाच्या घरी हजर. त्यानं तेओफिलला मिठीच मारली. ‘‘आजवर तुम्हा रिफायनरीवाल्यांना आम्ही सणाला बोलावलं नाही. आमचं चुकलं. यंदा तू आत बसायचं, माझ्या शेजारी!’’

तेओफिलला काहीच माहीत नव्हतं. तो बाटलीकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘‘अहो, त्यात काय एवढं.’’

आम्ब्रोझी गेल्यावर पोलानं त्याला चामडं दाखवलं. तेओफिल बराच वेळ त्या चार भोकांतून तिच्याकडे बघत राहिला.

‘‘मला चाकावरून काढेल तो,’’ पोला म्हणाली. ‘‘टोळीचे कपडे धुवायला बसवेल. आणि पुन्हा आपल्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. मी जाऊन सांगते त्याला.’’

‘‘आणि मी प्यालो त्या बाटलीचं काय?’’

‘‘प्यालास? इतक्यात?’’

‘‘अर्धीच. थांब, सांगू नकोस. तुमच्या चिखलातनं आम्ही काय काय काढतो ते तुला कुठे माहितीये!’’

दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यातून मऊ मेण आणलं. कडक मेण सगळं मेणबत्त्यांना जायचं, मऊ तेवढं पडून असायचं. ते पातळ करून त्यात काजळी कालवली, भोकांच्या मागे जाळीचं कापड लावलं आणि मेण ओतून वरून बोटानं चामड्यासारख्या सुरकुत्या पाडल्या. थंड शेडमध्ये ते असं बेमालूम दिसलं की पोलालाही हात लावल्याशिवाय कळेना. तिच्या मनाला ते पटलं नाही. पण चाक सोडायची कल्पना त्याहून पटत नव्हती. तिनं चामडं घडी न घालता, ताट नेतात तसं आडवं धरून आम्ब्रोझीच्या घरी पोचवलं.

सणाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. तेओफिल मुकादमाच्या शेजारी पिसांच्या टोप्यांमध्ये एकटाच बोडका बसला होता आणि खुशीत होता. पोला पिएरोग्यांचं ताट घेऊन दारात आली ती नेमकी तिमेकच्या वेळेला. तिमेक पिंपावर चढून उभा होता, मग हातात. आणि आम्ब्रोझी चामडं आणायला भिंतीशी गेला. चामडं तिथे खोली तापवायच्या, फरशा बसवलेल्या भट्टीवर पसरलेलं होतं. उडीच्या आधी ते भट्टीवर तापवायचं, म्हणजे कडक राहत नाही, अशी पद्धत होती. ही पद्धत आत बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती नेमकी या दोघांना. एकाला कधी बोलावलं नव्हतं, आणि दुसरीनं दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

भट्टीच्या पांढऱ्या फरशीवरून काळे ओघळ खाली येत होते. आम्ब्रोझीनं चामडं उचललं. पच्‌कन मेणाचा एक गोळा जाळीच्या कापडासकट त्याच्या बुटावर पडला, मग आणखी एक. त्यानं चामडं दिव्यासमोर धरलं, तेव्हा त्याचा एक डोळा एका भोकातून सगळ्यांना दिसला.

तेओफिल छताकडे बघू लागला.

पोलानं ताट जवळच्या टेबलावर ठेवलं. ‘‘मी कापलं,’’ ती म्हणाली. ‘‘तेओफिलनं काही आणलं नव्हतं. मी कापलं, आणि खोटंही मीच बोलले.’’

‘‘कुठे आहे ते?’’ आम्ब्रोझीनं विचारलं. त्याचा आवाज इतका खाली होता की मागचे लोक पुढे सरकले.

‘‘रोझालियात. दट्ट्याला.’’

‘‘मीच बसवलं बाबा,’’ तिमेक पिंपावरून म्हणाला. ‘‘मला काय माहीत!’’

कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. आम्ब्रोझी चामड्यावरून हात फिरवत राहिला. भोकांच्या कडा त्यानं अंगठ्यानं चाचपल्या. ते त्याच्या आजोबांचं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. पोलाला वाटलं, भूमीनं आपल्याला पोटात घेतलं तर बरं. तिला चाक दिसत होतं, सळ्या दिसत होत्या, आणि त्यांना ग्रीस लावणारं दुसरंच कुणीतरी दिसत होतं.

‘‘आज सकाळी कुणाची शेगडी पेटली नाही?’’ आम्ब्रोझीनं सभागृहाला विचारलं. ‘‘हात वर करा.’’

एकही हात वर झाला नाही.

‘‘ठीक. आता नियम सांगतो. या चामड्याला सुरी लावायचा हक्क फक्त धंद्यातल्या माणसाचा. बाहेरच्यानं लावली तर ती चोरी. चोराला मी कामावर ठेवत नाही, मग ती माझ्या धर्मकन्येची आई असो नाहीतर आणखी कुणी. आतल्यानं लावली, तर ते काम.’’ तो पोलाकडे वळला. ‘‘तूच सांग, पोला. तू बाहेरची का आतली?’’

इतकी वर्षं कुणी विचारलं तर पोला म्हणायची, मी आपली चाकाजवळ असते. तेच ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

‘‘आतली,’’ ती म्हणाली.

‘‘ऐकू आलं नाही. इंजिनाशेजारी उभी राहून आमच्यावर ओरडतेस, तशी सांग.’’

‘‘आतली!’’ पोला ओरडली, आणि खिडकीच्या काचा हलल्या.

‘‘मग दारात काय उभी आहेस? ये पिंपावर. तिमेक, उतर खाली. तुझ्या आधी या लागल्यात कामाला.’’

विहिरी खोदणारा एक म्हातारा ड्रिलर काहीतरी पुटपुटला, बाईचा पाय, कोरडी विहीर असं काहीसं. शेजारच्यानं त्याच्या तोंडात पिएरोगी कोंबला. तिमेकनं पोलाला हात दिला. ती पिंपावर चढली, स्वयंपाकाचा एप्रन तसाच. आम्ब्रोझी आणि त्या ड्रिलरनं चामडं धरलं. ड्रिलरचं तोंड भरलेलं होतं, तरी त्यानं धरलं.

‘‘कोण तू?’’

‘‘अपोलोनिया स्रोका.’’

‘‘काय काम करतेस?’’

‘‘तेल काढते.’’

या वेळी कुणी घसा खाकरला नाही. तिनं बियरचा मग ओठांना लावला, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, एप्रन मुठीत धरला आणि उडी मारली. फार उंच नव्हती. पण पलीकडे ती दोन्ही पायांवर उतरली, आणि टेबलांवर मग आपटल्याचा असा गडगडाट झाला की तेओफिलनं कानांवर हात ठेवले. तो रडत होता. बाटलीचा हिशेब त्याच्याकडून नंतर घेतला गेला, पण ते नंतर.

ड्रिलर म्हातारा होता, त्याचा खांदा दुखत होता. त्यानं आपल्याकडचं टोक सोडलं. आम्ब्रोझीनं इकडेतिकडे बघितलं आणि ते टोक पोलाच्या हातात दिलं.

‘‘घट्ट धर,’’ तो म्हणाला. ‘‘माझा पोरगा उडी मारतोय.’’

पोलानं ते घट्ट धरलं. आणि मुकादमाच्या पोरानं तिनं धरलेल्या चामड्यावरून उडी मारली.